थंडीचा फोटो

वणीहून नाशिकला निघालेल्या एसटीत मोहिनीच्या पुढच्या सीटवर दोन अनोळखी बायका बोलत होत्या.

"लेकीच्या फोटोंचं प्रदर्शन हाय नाशकात. आमच्याच द्राक्षबागेचे फोटो."

"घड झ्याक दिसत असतील!"

"घड एकबी नाय. नुस्तं थंडीतलं धुकं अन् मांडवाच्या काळ्या तारा."

"अन् लोक बघत्यात?"

"तिच्या बापालाबी नव्हतं पटलं. म्हणायचे, त्यापरीस लग्नाचे फोटो काढ."

"मग?"

"काल दुपारी सगळ्यात मोठ्या फोटोपुढं उभे राहिले. मग हळूच कानाला मफलर गुंडाळला."

"दुपारी?"

"भर दुपारी! म्हणले, पोरीनं आपल्या बागेतली पहाटच उचलून आणली."

मोहिनीला राहवेना.

"मावशी, मी आले तर चालेल?"

"ये की बाई! दारात सांग, अंजलीच्या आईनं बोलावलंय."