सम्राट हजर होते

शुक्रवार, ७ मे २००४. सकाळपासून धुळीचा वारा, दुपारी बेचाळीस अंश — हसू नका लोकेशसर, मी बोलतानाही तारखेपासूनच सुरू करतो, डायरीची सवय. बसा. एसी वाढवू? नको? बरं. तर आणलाय तुम्ही ठराव. 'बुद्धजयंतीच्या कार्यक्रमातील सचिव तानाजी कांबळे यांचे, जपानचे सम्राट आणि युद्ध, हे भाषण सर्वानुमते रद्द. त्या वेळेत मुलांचा नाच.' आणि खाली सही मीच करायची! माझ्याच भाषणाच्या — असू दे. सचिव आहे ना मंडळाचा.

कारण काय, तर प्रमुख पाहुणे जपानी. तुमच्या कंपनीचे. त्यांना वाईट वाटेल. अहो, मी काय शिव्या देणार होतो? एकच प्रश्न विचारणार होतो — युद्ध ठरलं तेव्हा सम्राट काय करत होते? लोक म्हणतात, काही नाही, नुसतं बाहुलं बसवलेलं. मीही तेच मानायचो. मग वाचत गेलो. सप्टेंबर एक्केचाळीस, मंत्री-सेनापती समोर, आणि सम्राटांनी कागद काढून आजोबांची शांततेची कविता वाचली. छानच वाचली असणार. आणि मग? मग ठराव मंजूर. डिसेंबरात युद्ध. शरणागतीच्या वेळी मात्र स्वतः रेडिओवर बोलले — म्हणजे बोलता येत होतं! पंतप्रधान फासावर गेले, सम्राट राजवाड्यातच राहिले.

परवा, बुधवारी, मंडळाच्या बैठकीत तुम्ही काय केलंत? मी चहा आणायला आत होतो, पण दार उघडं होतं, सर. मैत्रीवर दोन वाक्यं बोललात — सुंदर बोललात — आणि गप्प बसलात. अध्यक्ष! 'तानाजी, हे भाषण तूच करायचं' म्हणत सात वर्षं पुण्याहून पुस्तकं आणून देणारे तुम्ही! पुढच्या शुक्रवारी कार्यक्रम, शनिवारी माझं भारतात परतीचं विमान, कायमचं. आता कुठे करू मी हे भाषण? कुणापुढे?

सात वर्षं एकाच माणसामागे का लागलो, ते कधी विचारलं नाहीत. नका विचारू. इथल्याच वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमध्ये माझ्या हाताखाली सादिक होता, वेल्डर. वजन उचलायची साखळी तुटली, एकाचा पाय गेला. साखळी झिजलीय, हे मी आठ दिवस आधी डायरीत लिहिलं होतं — डायरीत! चौकशीत अर्बाबने, म्हणजे अरब मालकाने, विचारलं, कुणाला काही बोलायचंय? मी तिथेच बसलेलो. सगळं सादिकवर आलं, व्हिसा रद्द, खलास. आणि मग मी ही पुस्तकं —

जाऊ दे. पेन द्या. नाही, 'सर्वानुमते' राहणार नाही. कोण हजर होतं तेवढं लिहितो. हं, घ्या. इथे नका वाचू. या आता. दार ओढून घ्या, धूळ येते.

डायरी : सहा वाजून दहा मिनिटं. भाषण रद्द. 'सर्वानुमते' खोडलं. वर लिहिलं : 'अध्यक्ष व सचिव हजर होते. ठरावाविरुद्ध दोघेही बोलले नाहीत.' सही केली.