गोणपाट ओलं होतं का?

मला सांगा भाऊ, भरोसा कुणावर ठेवावा, बियाण्यावर की पेरणाऱ्यावर? जालन्यात बियाणं विकण्यात माझी उमर गेली, पण हे मला माझ्या पोरीनं शिकवलं.

आठवीत अश्विनीला सहामाहीला गणितात शंभरपैकी अडतीस मार्क पडले. शाळेत मॅडमसमोरच मी भडकलो, "शंभर दाण्यांतले अडतीसच उगवले, तर मी मालच वापस पाठवतो. बस झाली हिची शाळा!"

पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, उगवण बघायला तुमी दाणे ओल्या गोणपाटात ठेवता ना?"

"मंग! कोरड्यात कसे उगवतील?"

"मंग मला कोरडंच का ठेवलं? घरी आले की तुमी मोबाईल बघता, न्हाई तर मम्मीशी भांडता. मी अभ्यास कधी करू?"

मॅडमनी हसू दाबलं. माझी मान खाली.

तेव्हापासून दुकान सातला बंद. तिचं बीजगणित मला बिलकुल कळत नाही. मी नुसता शेजारी बसतो, तीच मला समजावते. वार्षिकला अडुसष्ट पडले, आता ती नववीत आहे.

तुमच्या पोराला कमी मार्क पडले, तर लगेच बियाण्याला नावं ठेवू नका. आपण पाणी किती दिवस घातलं, तेवढा हिशेब आधी खरा मांडा.