निम्मे काटे

केवळाबाई : हरभरा पेरला अन् आला, तर निम्मा तुमचा. रोह्याच्या कळपानं खाल्ला, तर राखणीचं जागरन माझं, थंडी माझी, वरून तुमच्या शिव्याबी मलाच. तुमचं काय जातंय, मालक? म्हनूनच हरभरा-हरभरा करायलाव.

बन्सीधर : रान कुणाचं हाय, केवळाबाई?

केवळाबाई : तुमचं. अन् बटईनं कसतंय कोन? मी. सरका जरा, इळा लागंल.

बन्सीधर : ते काम ठेव अन् ऐक.

केवळाबाई : ठिवता येत न्हाई. दहिवर हाय तवर काटा मऊ हाय. ऊन चढलं की ही करडई कुनाला हात लावू देत न्हाई. तुमी बोला, मी कापत कापत ऐकते.

कमलबाई : बोला की. घरात मला ऐकवलंत तेच बोला.

बन्सीधर : तू चहा घेऊन आलीस ना? चहा दे.

कमलबाई : चहा केवळाबाईला आनलाय. माझ्या नवऱ्यानं घरी पेलाय.

बन्सीधर : साफ सांगतो. पुढच्या साली ह्या रानात हरभरा. चौफेर तार, तारेत करंट. कबूल असंल तर रान तुझं. नसंल तर नागेश तयार बसलाय.

केवळाबाई : नागेश? ज्याच्या तारेला पयला त्याचाच बैल चिकटला, त्यो?

बन्सीधर : चूक झाली त्याची. सकाळी बटण बंद करायचं राहिलं.

केवळाबाई : ह्याच बांधानं बिरू मेंढ्या पान्याला नेतो. नवरा हाय तो माझा, मालक. अन् तुमच्याकडून बटन राहिलं तर?

बन्सीधर : मग काय रोह्याला ओवाळायचं का? नीलगाय ती, घोड्याएवढं जनावर. एका रात्रीत रान साफ करतंय.

केवळाबाई : हे कामून न्हाई केलं साफ? डोळे उघडून बगा. उभं हाय सगळं.

बन्सीधर : माझं केलं ना! ओढ्यापलीकडं मीबी करडईच पेरली व्हती. बुडापर्यंत खाल्ली. म्हणजे करडईनं रोही थांबतं ही तुझी नुसती थाप हाय.

कमलबाई : कंची करडई पेरली ते सांगा ना.

बन्सीधर : करडई म्हणजे करडई.

कमलबाई : केवळाबाई, ह्यायनी जिंतूरहून बिनकाट्याची आनली. म्हने, कापायला सोपी.

केवळाबाई : आगं माय! कापायला सोपी, तर खायलाबी सोपीच की. मालक, तुमी तर ताट वाढून बोलावलं त्याला.

बन्सीधर : हसू नको. तुझीबी कोवळी असताना खाल्लीच असंल.

केवळाबाई : तोंड लावलंच त्यानं. खोटं कामून बोलू? काटा फुटंस्तोवर मी अन् बिरू ह्याच बांधावर निजलो. काटा फुटला, घरी जाऊन पाठ टेकली. हरभऱ्याचं तसं न्हाई. घाटा घरात येईस्तोवर डोळा लागत न्हाई.

कमलबाई : आपली लेक प्रियांका सांगत व्हती, कोकनाच्या कडंला रानात हत्ती शिरतेत. हत्ती! तिथली मान्संबी हत्ती खात न्हाई असलं काय काय लावून बघायलेत म्हने.

केवळाबाई : घ्या. तिथं हत्तीसंगं नांदायलेत, अन् आमच्या मालकाला रोही जड झालंय.

बन्सीधर : थांबलीस कामून? काप ना.

केवळाबाई : न्हाई कापत. बसले.

बन्सीधर : बसले म्हणजे?

केवळाबाई : रान नागेशला देताव ना? मग त्यालाच बोलवा कापायला. ऊन यायलंय बगा.

बन्सीधर : उद्या कापशील.

केवळाबाई : उद्याबी बसंन. परवाबी. गळून मातीत जाऊ द्या.

बन्सीधर : निम्मी तुझी हाय तिच्यात!

केवळाबाई : म्हाईत हाय. माझी निम्मी जाऊ द्या. पन ह्या बांधावर करंट आला, तर मी आडवी पडंन तारेला. मग बटन दाबायला या.

कमलबाई : दाबाल का?

बन्सीधर : तू गप. मजूर लावीन मी.

कमलबाई : लावा की. काल मजुरासाठी कस्तुराबाईच्या दारात जाऊन आलाव न्हवं का? काय म्हन्ली ती? ‘काट्याची करडई? आदी मालकानं कापून दावावी.’

बन्सीधर : दावतो. आण तो विळा.

केवळाबाई : हाताला गोनपाट गुंडाळा.

बन्सीधर : काही गरज नाही.

(बन्सीधर करडईचं झाड उघड्या मुठीत धरतो.)

बन्सीधर : आई गं!

कमलबाई : हळू वरडा. रोही बुजतील.

केवळाबाई : खरंच हायती की. त्ये काय, बांधाच्या त्या टोकाला.

बन्सीधर : कुठं? … बाप रे. तो काळा केवढा हाय.

केवळाबाई : म्होरक्या हाय तो. हलू नका. नाक लावलं बगा करडईला.

कमलबाई : शिंकला.

केवळाबाई : फिरला. चालला वढ्याला, अन् सगळी त्याच्या मागं.

कमलबाई : आता हात इकडं करा, काटा काढते. मूठ उघडा. रागानं आवळून धरली की आनखी आत जाईल.

बन्सीधर : … तार नाही लावत.

केवळाबाई : अन् पेरायचं काय, ते कोन ठरवनार?

बन्सीधर : तूच ठरव.

केवळाबाई : वैनी, ऐकलं का तुमी?

कमलबाई : ऐकलं. अन् उद्या इसरले, तर मी हाय आठवन करायला.

केवळाबाई : मग तो इळा ऱ्हाऊ द्या तुमाला, माझ्याकडं दुसरा हाय. ह्ये घ्या गोनपाट, अन् त्या कडंनं लागा. ऊन यायच्या आत दोन पाती तरी उरकू. निम्मं पीक घेताव, निम्मे काटेबी घ्या.

बन्सीधर : पण एक सांग. नागेशचा बैल गेला. माझं पलीकडचं रान गेलं. तुझे हात तर बघवत नाहीत. सगळं माणसानंच भरायचं का? त्या रोह्यानं काय भरलं?

केवळाबाई : हे रान मोडून शेत करायच्या आंदी हितं त्याचं गवत व्हतं, मालक. त्यानं पयलंच भरलंय.