शाळेच्या पायऱ्यांवरचे तीन दिवे

लिहून आणलंय, ऱ्हस्व-दीर्घ बघू नका, शब्दही साधेच, शाळा सातवीत सुटली माझी... पण दिवा लावणं हा गुन्हा आहे का, एवढं कुणीतरी सांगा! स्वतःसाठी लावले का मी? मुलींच्या शाळेचा राखणदार मी, दिवे शाळेच्या पायऱ्यांसाठी! जॉर्डनमधलं आमचं सल्त गाव सगळं उतारावर, वर्गांपासून फाटकापर्यंत उभ्या दगडी पायऱ्या, थंडीत दुपारच्या पाळीच्या पोरी सुटतात तेव्हा दिवस मावळून मगरिबची अजान होऊन गेलेली, आणि जुना दिवा असा, की तो लागलाय का ते बघायला बॅटरी लागायची! परवा सहावीतली एक पोरगी पडली, हात प्लास्टरमध्ये. मुख्याध्यापिका इनाम बाई म्हणाल्या, "हानी, बुधवारी पोरी उजेडात उतरल्या तर ठीक, नाहीतर दुपारची पाळी बंद." आणि त्याच पाळीत माझी बहीण सुंदुस. सकाळच्या पाळीत जागा नाही. म्हणजे तिचीही शाळा सातवीतच सुटणार!

आणले तीन नवे दिवे. आता आमच्यात शिडी चढायची म्हणजे आधी "या सातिर!" असं ओरडायचं, म्हणजे गच्चीवरच्या बायका आत जातात, आणि तरीही नजर खाली, आपल्याच चपलांवर. मी तर असा लाजरा, की डोळे मिटूनच स्क्रू पिळतो!

पहिला दिवा लागला, आणि वरच्या घरातून शेजारीण उम्म गालेब: "अरे हानी, माझ्या स्वयंपाकघरात सूर्य उगवला की! आता घरातही डोकं झाकून वांगी तळू? थोडासाच फिरव!"

"हो मावशी." या सातिर! चढलो, फिरवला.

दुसरा लावला, तर कबुतरवाले अबू नवाफ: "गाढवा, माझ्या कबुतरांना वाटतं अजून दिवसच आहे, उतरतच नाहीत! शेजाऱ्याच्या गच्चीवर उतरली की त्याची झाली, परत देतो का तो? थोडासाच फिरव!"

या सातिर! फिरवला.

तिसऱ्याला शेजारची म्हातारी हाज्जा फिद्दा: "बाळा, नमाजाला उभी राहिले की समोर भिंतीवर मीच दिसते, एवढी जाड! थोडासाच फिरव रे!"

नाही म्हणू? लहानपणापासून यांच्या हातचं खाल्लंय! फिरवला. आता उजेड कुठं पडतो ते बघायला मान वर कोण करणार? वर बायका!

बुधवार. घंटा झाली. इनाम बाई फाटकाशी, हाताची घडी. मी बटण दाबलं, आणि... तिन्ही दिवे माझ्या खोलीवर! तक्रार फक्त तिथूनच आली नव्हती ना! दोरीवरचा माझा पायजमा, त्याचं भोक, सगळं लग्नमांडवासारखं झगमगतंय, आणि पायऱ्या काळ्याकुट्ट! वर पोरींची ढकलाढकली, पुढे सुंदुस, तिचा पाय हवेत...

"थांबा!" एवढ्या मोठ्यानं जन्मात ओरडलो नव्हतो. धावत वर गेलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आणि एकेक बूट चाचपडत आला की, "सावकाश ताई... इथं वळण आहे ताई..." घामानं सदरा भिजला, पण सगळ्या उतरल्या. सुंदुस शेवटी. "दादा," ती दात-ओठ खात म्हणाली, "एकदा तरी मान वर करून बघ ना!"

इनाम बाई एवढंच म्हणाल्या, "उद्याची संध्याकाळ. शेवटची संधी."

सकाळी, उजाडायच्या आत, त्याच तीन दारांवर गेलो, ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे मागून आणले. पत्रा कापला, प्रत्येक दिव्याला टोपी केली, दिवे परत पायऱ्यांकडे वळवले, तीनदा "या सातिर!" ओरडलो, आणि... केली मान वर! उजेड सरळ खाली, एकेक पायरी लख्ख! इनाम बाई अंधारातच आल्या, खाली पाहिलं, वर पाहिलं. "सुंदुसला सांग, आज गणिताची परीक्षा आहे."

डोळ्यात पाणी आलं हो! शिडी खांद्यावर टाकली, निघालो, तेवढ्यात वरून उम्म गालेब: "हानी! काय हा अंधार! त्या उजेडात वांगी काय छान तळली जायची रे! थोडासाच फिरव!"

मी चपलांकडे बघत म्हणालो, "मावशी, शिडी मोडली."