तिसरी खुर्ची

—नाही नाही, घ्यायला नाही, मालक, परत न्यायला आलोय. चौदा तारखेला, सोमवारी, पावसाची भुरभुर होती, वारा नव्हता — मी हवा रोज लिहून ठेवतो, सवय आहे — तेव्हा माझी मुलगी तुमच्या या जुन्या सामानाच्या दुकानात एक खुर्ची देऊन गेली. लाकडी, आणि मागच्या डाव्या पायाला मरून कापड गुंडाळलेलं. बाइंडिंगचं कापड ते. बाइंडर आहे मी. पुस्तकं बांधतो तसा खुर्चीचा पायही बांधला — हसा, हसा, घरीही हसले होते.

त्याचं असं झालं — कॉलेजची सहल परदेशी गेली, तीन आठवडे. पोरगी राहिली तिथं एका म्हाताऱ्या बाईंकडे. बाई एकट्या, तर घरात दोन ताटल्या, दोन पेले, दोन खुर्च्या — एक स्वतःला, एक येईल त्याला. बस्स! घरी आली ती तेच डोक्यात घेऊन. "बाबा, आपल्याला खरंच लागतं किती?" कपाटं उपसली, डबे उपसले. चांगलंच केलं, मी कशाला नाही म्हणू? तीन झाकणं तर अशी निघाली की त्यांची भांडीच घरात नव्हती! मग खुर्चीपाशी आली. "आपण दोघंच. ही कोणाची?"

कोणाची म्हणजे — तिला काय माहीत नव्हतं? तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. तीच बसायची तिथं, खिडकीकडे तोंड करून, शेवटी शेवटी तर दिवसभर — ते राहू द्या. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "कोणाची नाही." शिवाय जिन्यावरून उतरवायला हातही लावला. पोरीनं दोनदा विचारलं हो, "नक्की ना, बाबा?" — माझ्या तोंडाकडे बघत. ती वाट बघत होती, मी 'राहू दे' म्हणायची. आणि मी मेला, पोरीपुढे डोळे भरायला नकोत म्हणून खुर्ची उचलतोय.

काल तिकडच्या कॉलेजचं पत्र आलं. पुढच्या महिन्यात जाईल, दोन वर्षं. म्हटलं, निघायच्या आत तिला खुर्ची जागेवर दिसायला हवी. एकट्याला तीन कशाला — हो, बरोबर आहे तुमचं. तरी बघा ना जरा मागे.

तिथं नाही? मग माळ्यावर — गेली? कधी?

नको, दुसरी नको. थांबा, वही काढतो. शनिवार, एकोणीस तारीख. ऊन होतं. कोणी नेली? — गिऱ्हाइकाचं नाव लिहून नाही घेत तुम्ही. बरं. लिहितो — सकाळी अकरा वाजता खुर्ची विकली गेली.