नेहमीचा पाऊस

(आटलेल्या विहिरीचा तळ. शिडी टेकलेली. सासरे आणि सून गाळ काढायला उतरले आहेत.)

सासरे : ...म्हणून सांगतो, जमिनीनं ओल धरली की सगळं बी एका दमात पेरून टाकायचं. आपल्या घरात असंच चालत आलंय.

सून : गेल्या वर्षी तसंच पेरलं, बाबा. छान उगवलं, मग पावसानं दडी मारली आणि डोळ्यांदेखत करपून गेलं. हाती आलं ते जेमतेम बियाण्यापुरतं.

सासरे : ते वर्षच वाईट होतं. यंदा नेहमीचा पाऊस होईल.

सून : त्याच्या आदल्या वर्षीही नेहमीचाच म्हणाला होतात. तो ऐन कापणीत आला आणि उभं पीक आडवं करून गेला.

सासरे : तुझी जीभ कुदळीपेक्षा जोरात चालते, सूनबाई.

सून : चालणारच. आपल्या वाणाचं बी आता फक्त आपल्या कोठीत उरलंय, शेजारीपाजारी कुणाकडे नाही. हेही गेलं की तो वाणच संपला. मग तुमचे चिरंजीव शेत दुसऱ्याला कसायला देतील आणि आपल्याला शहरात नेतील. त्या खुराड्यात दिवसभर काय कराल?

सासरे : त्याच्याशी भांडत बसेन.

सून : ते इथूनही जमतं. कुदळ ठेवा आणि जरा इकडे या. ही भिंत बघा.

सासरे : भिंतीत काय बघायचं? अगं... हे पट्टे कुणी ओढले?

सून : कुणी नाही. पाणी एवढं खाली कधी गेलंच नव्हतं, म्हणून दिसले नाहीत. काल मी ओल्या पोत्यानं पुसलं आणि हे निघालं. हवामान केंद्रातल्या बाईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, इथे तळं असणार. माणसानं नांगर धरला त्याच्याही आधी.

सासरे : तळं? आपल्या शेतात?

सून : शेत कुठलं, तेव्हा तळंच. पाऊस झाला की पाण्याबरोबर गाळ यायचा आणि तळाशी बसायचा. भरपूर पाऊस झाला तर जाड पट्टा, कमी झाला तर बारीक.

सासरे : बोटाला काहीतरी टोचलं.

सून : शिंपला आहे. हळू, मोडेल.

सासरे : वर ढेकूळ फुटता फुटत नाही आणि इथे शिंपला.

सून : बाबा? बसता का जरा?

सासरे : थांब. बघू दे मला. ही वेडीवाकडी रेघ कसली, वाळूची?

सून : भेग. तळं पार आटलं, तळ तडकला, वाऱ्यानं आत वाळू भरली. पुढे कधीतरी पाणी आलं आणि वर पुन्हा गाळ बसला.

सासरे : आपल्या बांधापाशी पडलीय तशीच गं ही. अगदी तशीच, वर रुंद आणि खाली निमुळती. अंगावर काटा आला माझ्या.

सून : मलाही काल आला. तुम्हाला कसं सांगावं ते सुचेना, म्हणून गाळाचं निमित्त काढलं.

सासरे : तरीच म्हटलं, आज एवढी मदतीची हाक का.

सून : आता यात तुमचा नेहमीचा पाऊस दाखवा.

सासरे : दाखवतो की. हा बघ, हा. नाही, याच्यावरचा अगदीच बारीक आहे. मग हे दोन सारखे.

सून : एकात वाळू आहे.

सासरे : आहे खरी. कमाल आहे. वरून खालपर्यंत बोट फिरवलं, पोरी, पण याच्यासारखा तो नाही.

सून : बाई म्हणाल्या, दूरचा समुद्र तापला किंवा निवला की इथलं वारं बदलतं. हे पूर्वीपासूनचंच. पण आता समुद्र जास्त तापतोय, म्हणून हे झोके मोठे झालेत. पडला तर धो धो, नाहीतर ऐन हंगामात गायब.

सासरे : मी समुद्र पाहिलासुद्धा नाही. आणि तो माझ्या शेतात ढवळाढवळ करतोय.

सून : माझ्याही.

सासरे : जन्मभर म्हणत आलो, पाऊस चुकला, पाऊस चुकला. नेहमीसारखा येईन असं त्यानं कुणाला कबूल केलं होतं?

सून : मग बियाण्याचं काय करायचं?

सासरे : तीन वाटे कर. पहिला ओल धरली की पेरू. दुसरा मागाहून, पावसाचा खंड पडून गेल्यावर. तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो पुढच्या वर्षाचा. हेच वदवून घ्यायला खाली उतरवलंस ना मला?

सून : हो.

सासरे : वरच सांगायचं होतंस.

सून : वर तुम्ही ऐकलं असतं?

सासरे : नसतं. चल, शिडी धर. आणि तो तिसरा वाटा कुठे ठेवशील?

सून : कोठीतच की.

सासरे : नको. दुसरीकडे ठेव, आणि मला सांगू नकोस. आभाळ भरून आलं की माझे हात माझं ऐकत नाहीत.