हेलनची हद्द

तुम्ही सगळे आलात. काही जण लांबून आलात, काही शिफ्ट बदलून आलात. मला बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या घरात बोलायचं काम हेलनकडे होतं. गेले कित्येक आठवडे हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून जे थोडं बोलणं माझ्याकडे होतं तेही संपलंय. थकलोय मी. म्हणून एवढंच सांगतो.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मला एकच विचारलं. हेलनच्या अस्थी कुठे नेणार? त्याचं उत्तर आज देतो.

हेलन इंग्लंडच्या उत्तरेची, कंब्रियातली. डोंगरातलं लहान गाव, मेंढ्यांवर चालणारं घर. लग्नाच्या वेळी माझे वडील तिथे आले होते. आम्ही कोकणातले. त्यांनी शेताभोवतीच्या दगडी भिंतीवर हात फिरवला. मधे ना चुना, ना माती. म्हणाले, "अरे, हा तर आपला गडगा." हेलनने तो शब्द तिथेच उचलला. पुढे इथे वेरिबीत आमच्या पत्र्याच्या कुंपणालाही ती गडगाच म्हणायची.

पण तिकडे गडगे खाली, गावाजवळ. वर डोंगर उघडा. कुंपण नाही. तरी प्रत्येक घराचा कळप आपापल्या भागातच चरतो. मेंढी कोकराला बरोबर घेऊन फिरते आणि कोकराला हद्द कळते. कितीतरी पिढ्या हे असंच. शेत विकलं तरी कळप तिथेच राहतो, नव्या मालकाकडे. मला हे खरं वाटेना. हेलन म्हणाली, "मेंढ्या आहेत त्या, विनय. तुझ्यासारख्या स्टेशनवरून फोन नाही करत, कुठे वळू म्हणून."

मीरा, आमची मुलगी, लहान असताना तिकडे लाळ्या-खुरकुताची साथ आली. हेलनच्या माहेरचा सगळा कळप मारावा लागला. तिच्या भावाने, जॉर्जने, नव्या मेंढ्या आणल्या. त्यांना तो डोंगर माहीत नव्हता. मग रोज हद्दीवर उभं राहायचं, मेंढ्या आल्या की मागे वळवायच्या. दुसरा उपाय नाही. हेलन मीराला घेऊन मदतीला गेली. तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे पावसातच, ती डोंगरावर उभी राहिली. मी फोनवर विचारलं, "असं किती दिवस?" म्हणाली, "यांना कोकरं होऊन ती मोठी होईपर्यंत. मग तीच सांभाळतील."

तोपर्यंत वेरिबी तिला आवडलं नव्हतं. सपाट जमीन, सतत वारा. घरी जायचं, घरी जायचं, हेच चालायचं. परत आली आणि रोज संध्याकाळी मीराचा हात धरून नदीकडे जायला लागली. वळणावर एक मोठं निलगिरीचं झाड आहे, तिथपर्यंत. तिथे म्हणायची, "चला, आता परत." एकदा मी म्हटलं, "आज जरा पुढे जाऊ या की." म्हणाली, "नाही. इथपर्यंतच." मला वाटलं, दमली असेल.

मोठी झाल्यावर मीराला सिडनीत नोकरी लागली. चांगली नोकरी. तरी ती परत आली आणि आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. मी विचारलं, "का गं?" म्हणाली, "आय डोन्ट नो, बाबा. तिकडे संध्याकाळी कुठे जायचं तेच कळायचं नाही."

हेलन गेली त्या दिवशी जॉर्जचा फोन आला. "तिला घरी आण. आईवडिलांजवळ, भिंतीपाशी जागा आहे." मीरा शेजारी उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. हेलनने काही सांगून ठेवलं नव्हतं. भावाला नाही म्हणायचं, की मुलीला?

परवा मी जॉर्जला फोन केला. ते नदीकाठचं सांगितलं. रोज तेवढंच जाणं, तिथूनच वळणं. मीराचं परत येणं. त्याने विचारलं, "मीराची मुलगी जाते का तिकडे?"

म्हटलं, "जाते. आता वळणावर ती आपणहूनच मागे फिरते."

जॉर्ज म्हणाला, "मग हलवू नकोस तिला. जमिनीला लागलेला कळप कोणी हलवत नाही."

म्हणून अस्थी इथेच राहतील, त्या झाडापाशी. जॉर्ज आपल्या गडग्यातला एक दगड पाठवतोय, तोही तिथेच ठेवू.

आज संध्याकाळी आम्ही जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. तिथे पोचल्यावर नात म्हणेल, "चला, आता परत." ती आजीसारखंच म्हणते. ते ऐकलं की मला वळावं लागेल. आज ते जमेल का, मला माहीत नाही.

तोवर इथे थोडा वेळ माझ्याबरोबर गप्प बसा.